दम लागणे आणि दमा उसळणे : व्यायामप्रकार आणि श्वसन यांचा संबंध

प्रस्तुत लेखिका भाषेची अध्यापिका आहे, वैद्यकशास्त्राची नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले त्याला कारण घडले. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धा डिसेंबरात, बेळगावच्या कडक थंडीत, सकाळी सात वाजता सुरू झाल्या. मुलींच्या १५०० मीटर शर्यतीत प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी धावली आणि चौथी आली. धावताना तिला विशेष त्रास झाल्याचे कोणाला दिसले नाही. ती मांडवात येऊन बसली, मैत्रिणींशी दोन शब्द बोलली, आणि आठ-दहा मिनिटांनी खोकू लागली. खोकला थांबेना. छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येऊ लागला. मी तिला पाणी दिले आणि म्हणाले, "सवय नाही ना, दम लागलाय. बस जरा, होईल कमी." माझे ते निदान चुकले होते. मुलीला लहानपणापासून दमा होता, पंप घरी कपाटात होता, आणि 'मुलीच्या जातीला असला आजार आहे हे बाहेर कळू नये' म्हणून घरच्यांनी प्रवेश अर्जात त्याचा उल्लेख केला नव्हता. वेळेवर रुग्णालयात नेल्याने निभावले.

त्यानंतर जे झाले तेही तितकेच विचार करण्याजोगे आहे. तिला 'खेळास अपात्र' असा दाखला मिळाला आणि पुढचे वर्षभर शारीरिक शिक्षणाच्या तासाला ती मैदानाच्या कडेला इतरांच्या चपला-दप्तरे सांभाळत बसली. आधी आम्ही तिला नको ते करायला लावले आणि नंतर काहीच करू दिले नाही. या दोन टोकांच्या मध्ये जे आहे ते समजून घेण्यासाठी मी एका छातीरोगतज्ज्ञांकडे जाऊन बसले, काही वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

शब्दापासून सुरुवात करणे हा माझा व्यवसायधर्म. 'दमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'दम' म्हणजे श्वास. उर्दूतही हाच शब्द रूढ आहे. अरबी वैद्यकात या विकाराला 'रब्व' म्हणत. मूसा बिन मैमून या बाराव्या शतकातील हकिमाने 'रब्व' या विषयावर अरबीत स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्यात औषधांइतकाच हवा, आहार, झोप यांचा विचार केला. आयुर्वेदात 'तमक श्वास' असे नाव आहे. आणि ज्या 'अस्थमा' या शब्दाला आपण इंग्रजी समजतो तो मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ धापा टाकणे. थोडक्यात, जवळजवळ प्रत्येक भाषेने या रोगाचे नाव साध्या श्वासावरून किंवा धापेवरून घेतले. मांडवात माझा घोटाळा झाला त्याचे मूळ कदाचित इथेच असावे. 'दम लागला' आणि 'दमा झाला' यांत मराठीत एका कान्याचा फरक आहे, आणि तोच फरक मैदानावर ओळखता यावा लागतो.

तो ओळखण्याची खूण घड्याळात आहे. निरोगी माणूस धावताना धापा टाकतो. थांबला की दोन-चार मिनिटांत श्वास पूर्ववत होतो. दम्याच्या रुग्णाचे बहुधा उलट असते. व्यायाम चालू असताना त्याच्या श्वासनलिका फारशा आकसत नाहीत, कित्येकदा किंचित रुंदावतातही. आकसणे सुरू होते ते थांबल्यावर किंवा अगदी शेवटी-शेवटी. थांबल्यानंतर साधारण ५ ते १० मिनिटांनी त्रास शिगेला पोहोचतो आणि बहुतेकांत अर्ध्या ते एका तासात तो ओसरतो. म्हणजे शर्यत संपून शिक्षक पुढच्या शर्यतीकडे वळलेले असतात, नेमके तेव्हा. खोकला, छाती आवळल्यासारखी वाटणे, श्वास सोडताना शीळ ही त्याची लक्षणे. पुष्कळ मुलांत फक्त खोकलाच दिसतो आणि धूळ घशात गेली असेल म्हणून तो सोडून दिला जातो.

श्रमाने धाप वाढणाऱ्या या रोगाची नोंद फार जुनी आहे. ग्रीक वैद्य अॅरेटिअस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धावण्याने व कसरतीने श्वास कोंडण्याचे वर्णन केले आहे. १६९८ साली जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने दम्यावर ग्रंथ लिहिला. तो स्वतः दमेकरी होता, त्यामुळे सगळे व्यायाम सारखे त्रास देत नाहीत हे त्याने अनुभवाने टिपले. कारणमीमांसा मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली.

ती कारणमीमांसा अशी. आपण श्वासाने घेतलेली हवा फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचेपर्यंत ३७ अंश तापमानाची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली व्हावी लागते. अशा एक लिटर हवेत सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी असते. डिसेंबरातील सकाळी बाहेर १५ अंश तापमान असेल, तर दाट धुके असूनही त्या हवेत लिटरमागे १३ मिलिग्रॅमच्या आसपासच बाष्प मावते. उरलेले ३१ मिलिग्रॅम श्वासमार्गाच्या ओल्या अस्तराने द्यायचे. त्यातील काही भाग श्वास सोडताना परत मिळतो, सगळा नाही. बसल्या जागी आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, तीही नाकातून, आणि नाक हे काम उत्तम करते. पण जोरात धावणारा तरुण मिनिटाला ६० लिटर किंवा त्याहून बरीच जास्त हवा ओढतो. मिनिटाला साधारण ३५-४० लिटरच्या पुढे नाक पुरत नाही, तोंड उघडते, आणि थंड कोरडी हवा सरळ आत शिरते. अस्तरावरचा पाण्याचा पातळ थर आटतो, उरलेल्या द्रवातील क्षारांचे प्रमाण वाढते, त्यामुळे अस्तरातील मास्ट पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राईन यांसारखी द्रव्ये सोडतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. ऑस्ट्रेलियातील सँड्रा अँडरसन यांनी या विचाराचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. अमेरिकेतील मॅकफॅडन यांचा भर पाण्यापेक्षा उष्णतेवर होता: व्यायाम थांबल्यावर थंड पडलेल्या नलिका झपाट्याने पुन्हा तापतात, तेथील रक्तवाहिन्या फुगतात आणि वाट अरुंद होते, असे त्यांचे म्हणणे. आज पहिल्या विचाराला अधिक मान्यता आहे. थंडीने भर पडते एवढे दोन्हीकडे मान्य आहे.

म्हणजे श्वासनलिकांना त्रास देणारी गोष्ट 'श्रम' ही नव्हेच. किती हवा, किती कोरडी, आणि सलग किती वेळ, या तिन्हींचा तो परिणाम आहे. एवढे ध्यानात आले की निरनिराळ्या व्यायामप्रकारांचे कोडे बरेचसे सुटते.

वेळेची बाब प्रथम घेऊ. १९६२ साली इंग्लंडमध्ये जोन्स व सहकाऱ्यांनी दमेकरी मुलांना धावायला लावून पाहिले, तेव्हा एक-दोन मिनिटांच्या धावण्याने नलिका रुंदावल्या आणि ८ ते १२ मिनिटांच्या धावण्याने त्या आकसल्या. रोग तोच, मूल तेच, व्यायामही तोच. बदलला तो केवळ कालावधी. पुढे व्यायामजन्य दम्याची प्रयोगशाळेतील चाचणी बसवली गेली ती याच आधारावर. कोरड्या हवेत, हृदयाचा वेग कमाल मर्यादेच्या ८० ते ९० टक्क्यांवर ठेवून, ६ ते ८ मिनिटे सलग धावायचे आणि नंतर ठरावीक अंतराने फुंकर मोजायची. पहिल्या सेकंदातील फुंकर प्रौढात १० टक्क्यांहून अधिक घटली तर चाचणी सकारात्मक. हे वाचताना मी थबकले. सराव नसलेल्या मुलीला १५०० मीटर धावायला सात-आठ मिनिटे लागतातच. थंड कोरडी सकाळ, सलग सात-आठ मिनिटे, सगळा जोर लावून. रुग्णालयात डॉक्टर हाताशी ठेवून जी चाचणी घेतात, ती आम्ही दरवर्षी मैदानावर, पंपाशिवाय, टाळ्यांच्या गजरात घेत होतो.

आता व्यायामाच्या प्रकाराविषयी. १९७१ साली पर्थ येथील फिच आणि मॉर्टन यांनी दमेकऱ्यांना धावणे, सायकल चालवणे आणि पोहणे असे तीन प्रकार करायला लावून तुलना केली. धावण्याने सर्वांत अधिक त्रास, सायकलने त्याहून कमी, पोहण्याने सर्वांत कमी. पोहण्याचा फायदा मुख्यतः पाण्यालगतच्या उबदार दमट हवेचा. पण इथेही एक मेख आहे. बंदिस्त तलावात क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्या संयोगातून तयार होणारे वायू श्वासमार्गाला जाचतात; स्पर्धात्मक पोहणाऱ्यांत, जे रोज कित्येक तास तलावात असतात, दम्याचे प्रमाण उलट जास्तच आढळते. आठवड्यातून दोन-तीनदा पोहणाऱ्या मुलाला ही भीती सहसा नाही. अर्थात आपल्या भागात किती मुलांना, आणि त्यातही किती मुलींना, पोहण्याचा तलाव उपलब्ध आहे हा प्रश्न वेगळा. 'दमा आहे ना, मग पोहायला घाला' हा सल्ला खानापूर किंवा निपाणीच्या पालकांना देणे सोपे आहे, अमलात आणणे नाही.

म्हणून आपल्या मैदानावरील खेळांकडे याच कसोटीने पाहणे अधिक उपयोगाचे. लांब पल्ल्याचे सलग धावणे सर्वांत अवघड. फुटबॉल व हॉकीत धावणे पुष्कळ, पण तुटक. मधल्या फळीतील खेळाडूला जास्त, गोलरक्षकाला नगण्य. व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, क्रिकेट यांत जोर क्षणाचा आणि विसावा मोठा. गोळाफेक, थाळीफेक, उड्या, १०० मीटर धावणे हे सारे सेकंदांचे खेळ. कबड्डीत एक चढाई ३० सेकंदांची. तीत श्वास कोंडून घोष करायचा असला तरी तेवढ्या वेळात नलिका कोरड्या पडण्याइतकी हवा आत जात नाही. खोखोत पाठलागाची पाळी ९ मिनिटांची असली तरी एक खेळाडू सलग ९ मिनिटे धावत नाही. 'खो' देऊन बसतो, पुन्हा उठतो. या देशी खेळांवर दमेकऱ्यांची स्वतंत्र चाचणी झाल्याचे माझ्या वाचनात नाही. वरील विधान मी कालावधीच्या तत्त्वावरून करीत आहे. मात्र मैदान धुळीचे असेल, कडेला गाजरगवत फुललेले असेल, तर सगळे गणित बिघडते. तालमीतील जोर-बैठका वा वजने उचलणे श्वासाच्या दृष्टीने सौम्यच. तालमीतल्या मातीचा धुरळा मात्र ज्याचा त्याने पाहावा.

योगासनांविषयी आपल्याकडे दोन्ही टोकांची मते ऐकू येतात, म्हणून थोडे विस्ताराने. १९८५ साली नागरत्ना व नागेंद्र यांनी ५३ दमेकऱ्यांची, योगाभ्यास न केलेल्या तेवढ्याच रुग्णांशी तुलना करून योगाचा लाभ दाखवला. हा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. १९९० साली जयपूरच्या वीरेंद्र सिंह यांचा प्राणायामाच्या धर्तीवर संथ श्वास घ्यायला लावणाऱ्या उपकरणाचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. २०१६ साली कॉक्रेन संस्थेने १५ चाचण्या आणि १०४८ रुग्ण एकत्र विचारात घेतले, तेव्हा निष्कर्ष असा निघाला की योगाने लक्षणांत व जीवनमानात थोडी सुधारणा बहुधा होते. फुप्फुसांच्या क्षमतेबाबत ठाम काही सांगता येत नाही. म्हणजे औषधाच्या जोडीला उपयुक्त, औषधाऐवजी नव्हे. आणखी एक सावधगिरी. संथ श्वसन आणि कपालभाती-भस्त्रिकेसारखे वेगवान श्वसन एकाच पंक्तीत बसवू नये. प्रयोगशाळेत दमा उसळवण्याची एक चाचणी अशी आहे की रुग्णाला धावायला न लावता केवळ ६ मिनिटे कोरडी हवा जोरजोराने घ्यायला लावतात. थंड सकाळी शंभर मुलांकडून एका तालात भस्त्रिका करून घेताना हे आठवावे.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग दमेकऱ्याने धावूच नये. तसे नाही. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ यांना किशोरवयापासून दमा. त्यांनी २००३ साली लंडन मॅरेथॉनमध्ये २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा जो विश्वविक्रम केला तो २०१९ पर्यंत टिकला. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंची तपासणी झाली, त्यांत ६७ जणांना व्यायामजन्य दमा आढळला. त्या ६७ जणांनी मिळून ४१ पदके आणली. एक कटू उदाहरणही आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रिक डिमाँट हा सोळा वर्षांचा मुलगा ४०० मीटर पोहण्यात पहिला आला, आणि त्याच्या दम्याच्या औषधात एफेड्रिन सापडले म्हणून त्याचे सुवर्णपदक काढून घेतले गेले. आपण घेत असलेले औषध त्याने अर्जात आधीच लिहून दिले होते. पथकातील मोठ्यांनी ते पुढे कळवले नाही. अर्जातल्या एका ओळीची किंमत आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत निराळ्या रीतीने मोजली गेली.

नियमित व्यायामाने दम्याचे काय होते, हेही पाहिले गेले आहे. २०१३ सालच्या कॉक्रेन समीक्षेत २१ अभ्यास व ७७२ रुग्ण होते. व्यायाम सर्वसाधारणपणे सोसला, रोग बळावला नाही, शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली. फुंकरीचे आकडे मात्र फारसे हलले नाहीत. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. नलिका तशाच राहिल्या तरी तयारीच्या शरीराला तेच काम कमी हवेत भागते. जिना चढताना जी पूर्वी ४० लिटर हवा ओढत होती तिला कमी पुरते, आणि हवा कमी म्हणजे कोरडेपणा कमी. उलट वर्षभर चपला सांभाळत बसलेल्या मुलीचे वजन वाढते, अंग सुटते, थोड्या श्रमानेही दम लागतो, आणि त्या दम लागण्यालाच ती दमा समजू लागते.

व्यायामापूर्वी काय करावे याविषयी शिक्षकाच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली, अंग तापवणे. एकदा नलिका आकसून सुटल्या की दमेकऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना पुढील एक ते तीन तास तसा त्रास पुन्हा होत नाही, हा एक मजेदार विशेष आहे. १०-१५ मिनिटे थांबत-थांबत, मध्येच थोडा जोर लावून अंग तापवल्यास पुष्कळांना या सवलतीचा लाभ मोठा त्रास न होताच मिळतो. शिट्टी वाजली आणि धावले, हे दमेकऱ्यासाठी वाईट. दुसरी, नाक. नाकाने श्वास घेता येईल इतपत वेग ठेवणे, आणि थंडीत नाका-तोंडावर ओढणी वा रुमाल घेणे; कापडात अडकलेली ओल पुढच्या श्वासाला मिळते. तोंड झाकून धावणाऱ्या मुलीला 'ते आधी काढ' म्हणून दटावण्यापूर्वी एवढे लक्षात असावे.

औषध हा डॉक्टरांचा प्रांत, पण एक बदल शिक्षकांनाही ठाऊक हवा. व्यायामाआधी पंधरा मिनिटे साल्ब्युटामॉलचा निळा पंप घेणे ही जुनी व परिणामकारक रीत. तथापि दम्याविषयीच्या 'जिना' या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून सांगितले आहे की किशोरवयीन व प्रौढ रुग्णांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. सूज कमी करणारे, श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड उपचारात असलेच पाहिजे. रोज-रोज निळा पंप वापरल्याने त्याचे संरक्षणही घटत जाते. तेव्हा एखादी विद्यार्थिनी प्रत्येक तासाआधी पंप ओढताना दिसली तर तिची काळजी घेतली जात आहे असे समजू नये. रोग आटोक्यात नाही, असे समजून घरी कळवावे. रमजानमध्ये काही मुले पंप महिनाभर बंदच करतात. पंपाने रोजा तुटतो की नाही याविषयी उलेमांत मतभेद आहेत आणि त्यात पडण्याचा मला अधिकार नाही. पण दिवसातून दोनदा घ्यायचे औषध सहरी व इफ्तारच्या वेळी बसवता येते का, हे डॉक्टरांना रमजानपूर्वी विचारणे प्रत्येकाला शक्य आहे. रोज्यातही जीव गुदमरू लागला तर पंप घ्यायचाच. आजाऱ्याला तशी सवलत आहे.

आणि प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे, हेही तितकेच खरे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. चार पावले धावून धापणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन आधी पाहावे. काहींच्या बाबतीत जोराच्या ऐन भरात घशापाशी स्वरयंत्र आवळते. तेव्हा आवाज श्वास घेताना येतो आणि थांबताच ओसरतो. दम्याची शीळ बहुधा श्वास सोडताना, आणि थांबल्यानंतर.

त्रास झालाच तर मुलीला आडवे निजवू नये. ताठ किंवा किंचित पुढे झुकवून बसवावे. निळा पंप असल्यास, शक्यतो स्पेसर लावून, एका वेळी एक याप्रमाणे ४ फवारे द्यावेत, प्रत्येकानंतर ४ श्वास, मग ४ मिनिटे वाट पाहावी आणि फरक नसेल तर पुन्हा ४. ऑस्ट्रेलियात शिक्षकांना शिकवली जाणारी ही रीत पाठ राहायला सोपी आहे. एक वाक्य पुरे बोलवत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे, वाटेत फवारे चालू ठेवावेत. पाणी पाजत बसणे हा उपचार नव्हे, हे मी स्वानुभवावरून सांगते.

आमच्या महाविद्यालयात एवढे झाले की प्रवेश अर्जातील 'काही आजार आहे काय?' हा प्रश्न, ज्याचे उत्तर सगळे 'नाही' असेच लिहितात, काढून टाकला. त्याऐवजी क्रीडाशिक्षिका प्रत्येक मुलीला एकटीला विचारतात : धावून थांबल्यावर खोकला येतो का? पंप वापरतेस का, तो आज पिशवीत आहे का? पहिल्याच वर्षी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मुलींनी 'हो' म्हटले. लांब पल्ल्याची शर्यत नऊनंतर, ऊन वर आल्यावर ठेवली आहे.

ती विद्यार्थिनी तृतीय वर्षात खोखोच्या संघात होती. डॉक्टरांनी औषध बदलून दिले होते, दाखलाही बदलून दिला. आंतरमहाविद्यालयीन सामन्यानंतर ती माझ्या शेजारी येऊन बसली, ओढणीने तोंड पुसले आणि माझ्या मनगटावरचे घड्याळ आपल्याकडे वळवून घेतले. दहा मिनिटे आम्ही दोघी काही न बोलता बसलो. मग ती उठली आणि बक्षीस घ्यायला गेली.